अक्काचा कडू घास

कवठे महांकाळकडच्या आमच्या गावात वाचनालयाच्या भिंतीवर एक फळा होता. कोण वारलं, माती कधी, दहावा कुठं, एवढंच त्यावर खडूनं लिहिलं जाई. दुसरं लिहायला बंदी नव्हती, पण कुणी लिहीत नसे.

माझी थोरली बहीण, अक्का, तिथल्या शाळेत चौथीचा वर्ग घ्यायची. आईवडील गेल्यापासून घरात ती एकटीच. मी साताऱ्यात सरकारी कचेरीत होतो, शनिवारी एसटीनं घरी यायचो. मिरजेच्या दवाखान्यात तिचा डावा स्तन काढला आणि ती घरी आली, तोवर गावानं तिचा रोग आपापसात ठरवूनही टाकला होता. कुणी टीबी म्हणे, कुणी एड्स. हा दुसरा शब्द तेव्हा नवा होता आणि लोकांना तो उच्चारायला आवडायचा.

"मीच सांगते सगळ्यांना," अक्का म्हणाली. "दारोदार फिरायची ताकद नाही. फळ्यावर लिहिते."

रविवारी सकाळी आम्ही दोघं गेलो. वर्गात लिहायची तशाच मोठ्या, सरळ अक्षरात तिनं आधी आपलं पूर्ण नाव लिहिलं. त्याखाली बारीक अक्षरात: मला स्तनाचा कॅन्सर झाला होता. ऑपरेशन झाले आहे. हा रोग शिवल्याने होत नाही. उद्यापासून मी वर्गावर येत आहे.

शेवटच्या ओळीसाठीच बाकीच्या ओळी होत्या. तिला तिचा वर्ग हवा होता.

दुपारी दाराची कडी वाजली. शेजारच्या तिघीजणी डोक्यावर पदर घेऊन उभ्या होत्या. एकीच्या हातात झाकलेलं ताट होतं. आमच्याकडे मयताच्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही. शेजारी पिठलं-भाकरी आणून देतात, त्याला कडू घास म्हणतात. दार अक्कानंच उघडलं. केस विंचरता विंचरता ती तशीच उठून गेली होती.

"आवं बाई, तुमी..." ताट धरलेल्या म्हातारीचं वाक्य तिथंच राहिलं.

"मीच. या की आत, मावशी."

"पोरानं फळ्यावर नाव बघितलं तुमचं. आमास्नी वाटलं..."

"नावाखाली चार ओळी हायत की."

"एवढं कोण वाचत बसतंय, बाई."

अक्का हसली. तिनं ताट घेतलं आणि तिथंच बसून भाकरी मोडली. "पिठलं झकास झालंय. मिरजेत नुसती खिचडी खाऊन जीव विटला होता." मी पाण्याचे तांबे भरून आणले. तिघी उंबऱ्याबाहेरच उभ्या राहिल्या. पाण्याला कुणी हात लावला नाही.

ताट आणलं ते मी विसरू शकतो. नाव वाचून गैरसमज झाला, तो कुणाचाही होईल. त्या तांब्यांतलं पाणी मात्र मी संध्याकाळी तुळशीला ओतलं, आणि त्याचा राग अजून माझ्या हातात आहे. गैरसमज दूर झाल्यावर त्या पाणी प्यायल्या नव्हत्या.

ज्यांनी खालच्या ओळी वाचल्या ते आणखी थोर. त्यांच्यापैकी कुणीतरी ओल्या फडक्यानं 'स्तनाचा' हा शब्द तेवढा पुसला. कॅन्सर राहू दिला. चहाच्या टपरीवर एक पेन्शनर मला म्हणाले, "लय धीराची बाई. पण चव्हाट्यावर लिवायची गरज नव्हती, गड्या." जतकडच्या कुणा वैदूचा पत्ता त्यांनी मला दोनदा सांगितला. घरी येऊन तिच्याजवळ बसा म्हटलं, तर त्यांना गुरांना वैरण घालायची आठवण झाली.

सोमवारी मी रजा काढून तिच्याबरोबर शाळेत गेलो. कार्यालयात शाल आणि नारळ तयार होता. हेडमास्तर तिच्या धैर्यावर बराच वेळ बोलले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"सर, शाल राहू द्या," अक्का म्हणाली. "माझी मुलं कुठं आहेत?"

"त्यांना दुसऱ्या बाईंकडं दिलंय. पालकांचं जरा... तुम्ही समजून घ्या. आता विश्रांती घ्या."

शाल आणि नारळ पिशवीत टाकून ती निघाली. घरी येऊन तिनं नारळ फोडला, चटणी वाटली आणि मला वाढली. शाल तिनं कधी अंगाला लावली नाही. दर महिन्याला ती शाळेत जाऊन वर्ग मागायची आणि दर महिन्याला तिला विश्रांती घ्यायला सांगत. त्यानंतरचा एक उन्हाळा तिनं पाहिला, दुसरा नाही.

ती गेली तेव्हा फळ्यावर मी लिहिलं नाही. दुसऱ्या कुणी लिहिलं, आणि या वेळी सगळ्यांनी नीट वाचलं. माती देऊन आलो तर दारात तीच म्हातारी होती. हातात तेच झाकलेलं ताट.

"मावशी, तिचा घास तिनं कवाच खाल्लाय," मी म्हणालो. "माझ्यासाठी आणला असंल तर आत या. पाणी प्या, मग वाढा."

मी तांब्या पुढं केला. तिनं तांब्याकडं पाहिलं, मग उंबऱ्याकडं. ताट पदराखाली घेऊन ती खाली मान घालून निघून गेली.

मी दार उघडंच ठेवलं, स्टो पेटवला आणि भात टाकला.