शंभरातले चौसष्ट

सुवर्णाचा मले आधी रागच यायचा. देऊळगाव राजाहून जालन्याच्या रस्त्यावर आमची बियाण्याची कंपनी. मॅनेजर ज्ञानेश्वर सर रोज सकाळी साऱ्यांले अंगणात उभं करून कंपनीची मूल्यं म्हणायले लावतात. "शेतकरी आधी! खरं तेच लेबलवर!" आम्ही शाळेतल्या प्रार्थनेसारखं म्हणतो अन् कामाले लागतो. ही एकटी बाई ते खरं धरून बसली!

इंद्रभान मजुराची ही पोरगी. बीएस्सी झालेली, लॅबमध्ये अकरा महिन्यांच्या करारावर. ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळायचे अन् किती उगवले ते पाहायचं, हे तिचं काम. सोयाबीनचे सत्तर तरी उगवले पाहिजेत. औंदाच्या या मालाचे चौसष्टच निघाले. तिनं पुन्हा लावले, तर त्रेसष्ट.

"सहा दाण्यांसाठी गाड्या अडवू का?" सर कडाडले. "सत्तर लिहा आणि सही करा. नाहीतर या महिन्यात तुमचा करार संपतोच आहे."

तीन दिवस झाले, पोरीच्या पायाले थारा नाही. लॅबमधून गोदामात, गोदामातून लॅबमध्ये. डबा उघडते अन् तसाच झाकते. तिच्या येरझाऱ्या पाहून माझंही डोकं भणाणलं. मी सत्यभामा, थैल्यांची तोंडं शिवणारी. त्याच शिलाईत लेबल जाते. सत्तरची लेबलं छापून माझ्यापुढं येऊन पडली होती. तिची सही झाली की शिवायची.

"कर न बाई सही अन् मोकळी हो!" मी खेकसली. "साऱ्या जिल्ह्याचा ठेका तूच घेतला काय?"

"मावशी, सकाळी काय म्हणतो आपण?"

"म्हणायचं असते ते! करायचं थोडंच असते?"

तेवढ्यात धाड गावाहून माझ्या भावाचा, कचरूचा, फोन. "ताई, तुमच्या कंपनीचं सोयाबीन घेऊन राह्यलो. कसं आहे औंदा?"

"कचरू, नको घेऊ बे!" भसकन निघून गेलं तोंडातून. "उगवत नाही ते."

फोन ठेवला तर सुवर्णा माझ्याकडंच पाहून राह्यली होती. हळूच म्हणाली, "कचरूमामाला तुम्ही सांगितलं. बाकीच्यांना कोण सांगणार?"

अशी लाज वाटली म्हणून सांगू! मान वर होईना.

सर दारात येऊन ओरडले, "झाली का सही? चला, शिवायला घ्या!"

मशीनचं बटण बंद केलं मी.

"सर, लेबलवर चौसष्ट छापून आणा," मी म्हटलं. "मंग शिवते."