टीव्हीवरच्या पट्ट्या काढणे

मी रोज सकाळी चहाच्या आधी यादी करते. फ्रिजवर चुंबकाने लावलेला कागद, डावीकडे काम, उजवीकडे बरोबरची खूण. एखादं काम बिनखुणेचं राहिलं की मला रात्रीचं जेवण गोड लागत नाही. त्या रविवारी चौथं काम होतं : टीव्हीवरच्या पट्ट्या काढणे.

पट्ट्या माझ्या नवऱ्याच्या. हे होटगीला रेल्वेत होते. गेल्या वर्षी अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली. पाय सुधारला, हाताची बोटं मागे राहिली. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी चेंडू दाबायला सांगितला होता, तो हे टाळायचे. मुलगी पुण्याला नोकरीला गेली तेव्हा तिचं गेमचं मशीन घरीच राहिलं होतं. एक दिवस ह्यांनी त्याचा रिमोट हातात घेतला आणि चेंडू कपाटात गेला.

खेळ देव-दानवांचा. त्यात एक डोंगर आहे, वर देऊळ, झाडं, पाखरं. जवळ गेलं की डोंगर डोळे उघडतो आणि सहा हातांचा राक्षस उठून उभा राहतो. आपला माणूस त्याच्या घोट्याएवढासुद्धा नाही. उजव्या अंगठ्याने वेळेवर बटण दाबलं नाही की एका फटक्यात खेळ खलास.

हे त्याला पाव्हणा म्हणत. "उठा पाव्हणं, चहा झाला का?" आणि मार खाल्ला की, "लई माजलाय की!" राक्षसाचा जीव पडद्याच्या तळाशी लाल रेघेत दिसायचा. रेघ जिथवर आटली तिथे हे काचेवर चिकटपट्टीचा तुकडा लावायचे. तीन महिन्यांत तुकडे उजव्या टोकापासून सरकत सरकत डाव्या टोकाजवळ आले. चार बोटं रेघ उरली होती. मला दिसत होता तो काचेवरचा गोंद.

रविवारी मुलगी आली होती. हे अंघोळीला गेले. एकट्याने करतात, पाऊण तास लागतो.

"तेवढ्यात मारून टाक की त्याला," मी तिला म्हटलं.

"आई, बाबांचा आहे तो!"

"बाबांसाठीच म्हणतेय. तीन महिने रखडलंय."

तिने नको नको म्हणत दुसऱ्या डावात मारला. राक्षस गुडघ्यांवर आला, पाठीवरची पाखरं उडाली. मी लगेच पट्ट्या खरवडल्या, खोबरेल लावून गोंद काढला आणि खूण केली.

हे आले, टीव्ही लावला. डोंगर आडवा पडलेला, पुढची वाट मोकळी.

"पाव्हणा कुठं गेला?"

मी कणीक मळत होते. "काल तुम्हीच मारलात की. विसरलात?"

मला वाटलं, खूश होतील. त्यांनी आपल्या अंगठ्याकडे पाहिलं. "मी? आणि पट्ट्या?"

"तुम्हीच म्हणालात, काढ आता."

मुलगी माझ्याकडे बघून आत निघून गेली. ह्यांनी रिमोट खाली ठेवला. जेवताना शेंगाचटणीला हात लावला नाही. मध्येच विचारलं, "काल दुपारी भाजी कसली होती गं?"

"दोडक्याची."

"व्हय. ते आठवतंय."

तेव्हाच सांगायला हवं होतं. मी आणखी एक भाकरी वाढली.

दुपारी फ्रिज उघडायला गेले तर यादीत माझ्या अक्षराखाली एक वाकडीतिकडी ओळ : डॉक्टरांना सांगणे, विसरायला लागलोय. झटक्यानंतर त्यांनी उजव्या हाताने लिहिलेली ती पहिली ओळ. सांगायला लाज वाटते, पण माझ्या मनात आधी आलं ते हे की अक्षर सुधारलंय. मग कळलं काय लिहिलंय ते.

मागे मुलगी उभी होती. "तू सांगतेस की मी सांगू?"

मी सांगितलं. उभ्यानेच, पदराला हात पुसत, सगळं. मारला कुणी, मारायला लावला कुणी, पट्ट्या काढल्या कुणी. हे कॉटवर बसून ऐकत होते.

"म्हणजे डोकं शाबूत हाय माझं?"

"हो."

त्यांनी मोठा श्वास सोडला. मला वाटलं, सुटले. मग ते म्हणाले, "चार बोटं राहिली होती गं. चारच." आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला उत्तर देता आलं असतं.

ते उठून फ्रिजपाशी गेले, पेन उजव्या हातात घेतलं. आपली ओळ खोडली. मग यादीत वर, माझ्या चौथ्या कामापुढची खूण खोडली; दोनदा पेन निसटलं, मी उचलून दिलं नाही.

"चिकटपट्टी कुठं ठेवलीस?"

"दुसऱ्या खणात."

ह्यांनी खेळ पहिल्यापासून लावला. डोंगरापर्यंत पोचायलाच महिना गेला. आता काचेच्या उजव्या टोकाला एक तुकडा आहे. रोज टीव्ही पुसते, तेव्हा फडकं त्याच्या कडेने नेते.