घड्याळावरची टिचकी

आमचे हे रिटायर झाले आणि भिंतीकडे तोंड करून बसले. जेवायला हाक मारली तर "वाढून ठेव" एवढंच. उभा जन्म कारखान्याच्या बॉयलरपाशी ओरडण्यात गेलेला माणूस असा मुका झालेला मला बघवत नव्हता. मग कोपऱ्यावरच्या हॉलमध्ये टेबल टेनिस सुरू झालं. तिथे सगळे बॉयलरवरचेच निवृत्त गडी, आणि यांचं जुनं नाव पुन्हा चालू, वाफ्या! वाफ्या घरी येऊन भाजी मागून घ्यायला लागला, माझ्याशी कडाकडा भांडायला लागला. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

मध्यंतरी यांना चक्कर आली. मुलाने लगेच छातीचे ठोके मोजणारं मनगटी घड्याळ आणून बांधलं. "बाबा, हे लाल होऊन किंचाळलं की तिथेच थांबायचं. हयगय केलीत तर खेळ कायमचा बंद." मग माझ्याकडे वळला, "आई, तू जाऊन बसायचंस." झाले मी पहारेकरी.

त्या सकाळी सामना ऐन रंगात होता आणि घड्याळ किंचाळलं. आकडा लालभडक. यांनी काय करावं? काचेवर टिचकी मारली! बॉयलरच्या दाबाचा काटा अडकला की टिचकी मारून सोडवायचा, ही सगळ्यांची हाडात मुरलेली सवय. समोरचा जाड्या खेळ सोडून आला, त्यानेही एक मारली.

"काटा अडकलाय रे."

"अहो, काटाच नाहीये त्याला!" मी ओरडले. ऐकतंय कोण! जाड्याने घड्याळ काढून पुन्हा बांधलं. आकडा गेला, नुसत्या रेघा आल्या.

"सुटला बघ. चल, सर्व्हिस कर."

यांनी चेंडू उचलला. ओठ पांढरे पडले होते. माझा मोबाइल हातात होता. मुलाला फोन करावा तर खेळ संपला, आणि हा माणूस पुन्हा मुका. न करावा तर... छे! मी सरळ मध्ये घुसले आणि यांच्या मानेवर बोटं टेकली. ठोके वेडेवाकडे उडत होते. तेवढ्यात घड्याळ पुन्हा लाल झालं.

"टिचकी मारूनही काटा लाल खुणेवरच राहिला, तर बॉयलरवर काय करायचात हो तुम्ही?"

यांनी घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आग बंद करायचो," म्हणाले, आणि बॅट ठेवून खालीच बसले. मी अँब्युलन्स बोलावली. जाड्या बिचारा यांचा हात सोडेना.

वेळेत आणलंत, असं डॉक्टर म्हणाले. मुलगा धावत आला तो तणतणतच. "सांगितलं होतं मी! आता हॉलचं नाव काढायचं नाही."

माझं डोकंच फिरलं. "कर बंद! पण मग त्यांना बोलतं कसं करायचं, तेही सांगून जा. मी सगळं करून पाहिलं रे. मला नाही जमलं."

तो माझ्याकडे बघतच राहिला. मग वळला, डॉक्टरांच्या दारात गेला आणि हळू आवाजात विचारलं, "बाबांना पुन्हा कधी खेळता येईल?"

इतका वेळ दाबून धरलेलं रडू मला तेव्हा आवरेना.