आकडा मिळाल्याशिवाय गाडी सुटणार नाही

दाऊदकाकांना कुणी काहीही सांगितलं, तरी ते आधी तेच परत म्हणून दाखवायचे. काकू म्हणाल्या, "मीठ संपलंय, घेऊन या," की काका उंबऱ्यात उभे. "मीठ संपलंय, मी आणायचंय. बरोबर?"

"बरोबर. सव्वीस. निघा आता!"

मग स्वारी पिशवी घेऊन निघायची. पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा वाटलं, मी चुकून कुणाच्या तालमीत घुसलो. शाळेत नाटकं बसवणारा मास्तर मी, मला सगळीकडे तालमीच दिसतात.

पण ती तालीम नव्हती, नोकरी होती. काका मनमाडकडच्या लहान लहान स्टेशनांवर स्टेशनमास्तर होते. गाडी सोडायची तर आधी पुढच्या स्टेशनाला फोन करायचा, लाइन क्लिअर, म्हणजे रूळ मोकळा असल्याची हमी, मागायची, बोललेला शब्द न् शब्द परत म्हणायचा. पलीकडच्याला कबूल असेल तर तो एक आकडा देणार. आकडा वहीत उतरला की गाडी सुटणार, नाहीतर गार्डाने कितीही आदळआपट केली तरी ती उभीच. "माझ्या हद्दीत दोन गाड्या कधी समोरासमोर आल्या नाहीत," असं म्हणून काका सदऱ्याचं वरचं बटण लावायचे.

निवृत्त होऊन ते नाशिकरोडला, आमच्या प्रोटेस्टंट चर्चच्या मंडळीत आले. मुलगा पुण्याला जाताना संगणक मागे ठेवून गेला, आणि काकांनी इंटरनेटवर मराठी ख्रिस्ती लोकांसाठी चर्चेचा कट्टा उघडला. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट, दोघेही एकाच बाकावर! तेव्हा मराठीसुद्धा इंग्रजी अक्षरांत बडवावी लागायची आणि तेवढा वेळ घरचा फोन बंद, म्हणून काकू कावलेल्या. महिन्याभरात कट्टा पेटला. पेटवणाऱ्यांत अर्थातच मी. प्रोटेस्टंटांचा स्वयंघोषित सेनापती! पोप, संत, मरिया, समोर येईल त्यावर माझी तोफ.

काकांनी नियम काढला. उत्तर द्यायचं असेल, तर आधी समोरच्याचं म्हणणं आपल्या शब्दांत मांडायचं. समोरचा "हो, हेच" म्हणून आकडा देईल, तेव्हाच उत्तर कट्ट्यावर झळकेल.

फिलोमिना नावाच्या एका कॅथलिक नर्सबाईंना मी लांबलचक उत्तर लिहिलं होतं. काकांचा फोन आला. "मास्तर, आकडा नाही, तुमची गाडी स्टेशनाबाहेर आउटर सिग्नलला उभी आहे."

मी लिहिलं, "तुम्ही मरियेची पूजा करता." फिलोमिनाबाई म्हणाल्या, "नाही." मी लिहिलं, "येशूकडे थेट जायला भिता, म्हणून आईचा वशिला लावता." त्या म्हणाल्या, "नाही. आणि टोमणा पोचला." तिसऱ्यांदाही नाही. चौथ्यांदा मी मुकाट्याने लिहिलं, "माझी आई आजारी होती तेव्हा मी सगळ्या मंडळीला तिच्यासाठी प्रार्थना करायला सांगितलं. तुम्ही मरियेलाही तसंच सांगता, कारण तुमच्या लेखी ती देवाजवळ जिवंत आहे."

"हो, हेच. एकोणसाठ."

तोवर माझ्या लांबलचक उत्तरातल्या चारच ओळी शिल्लक राहिल्या होत्या. त्यांचं म्हणणं मला पटलं नाही, आजही पटत नाही. पण त्या कट्ट्यावर मी तीनदा नापास झालो, हे मी अजून मिरवत सांगतो.

या नियमाचं खरं कारण काकूंनी एकदा चहा गाळता गाळता सांगितलं. काकांचा धाकटा भाऊ याकोब सिन्नरला कारखान्यात होता. कॅथलिक मुलीशी लग्न करून तोही कॅथलिक झाला. वडिलांच्या मातीला त्याने त्यांच्यासाठी प्रार्थना म्हणायला जपमाळ काढली, तेव्हा काकांनी सगळ्यांसमोर ती हिसकावून घेतली. त्याला अकरा वर्षं झाली होती. भाऊ एकदाही उंबरा चढला नव्हता.

आणि एके दुपारी कट्ट्यावर कुणी 'सिन्नरकर' उगवला. "बापाच्या पेटीशी जपमाळ हिसकावणाऱ्यांनी आम्हाला सभ्यता शिकवू नये." काकांनी ओळखलं. कट्ट्याच्या चाव्या त्यांच्याच हातात, त्यांची गाडी कोण अडवणार? क्षणात उत्तर झळकलं, "मूर्तिपूजकाने माझ्या बापाचं नाव काढू नये!"

खरं सांगतो, माझ्यातला सेनापती टाळ्या वाजवायला उठला होता. मग या उत्तराला कुणी आकडाच दिलेला नाही हे लक्षात आलं आणि मी स्कूटर काढली. काका संगणकापुढे तसेच बसले होते.

"काका, आकडा कुठाय?"

"आकडा न घेता गाडी सोडली, मास्तर. आणि समोरून माझाच भाऊ येत होता."

त्यांनी उत्तर काढून टाकलं आणि सगळ्यांसमोर जाहीर केलं, की नियम मी मोडला, आता माझी गाडी आउटरला. मग लिहिलं, "याकोब, जपमाळ हिसकावली याचा तुला राग आहे."

"नाही."

दोन दिवसांनी लिहिलं, "चारचौघांत तुझा अपमान झाला."

"तेही नाही."

आठवडाभर दोन्हीकडचे सगळे रोज कट्टा उघडून बघत होते. मीसुद्धा! मग काकांनी लिहिलं, "बापासाठी करण्यासारखं तुझ्याजवळ तेवढंच उरलं होतं, आणि ते मी तुला करू दिलं नाही."

संध्याकाळी उत्तर आलं. "हो दादा, हेच. सत्तर."

पुढच्या रविवारी याकोब एसटीने आला. काकांनी जुन्या युनिफॉर्मच्या खिशातून ती जपमाळ काढून त्याच्या हातात ठेवली. मग मटणाच्या ताटावर दोघे, मेलेल्यांसाठी प्रार्थना करावी की नाही, यावर अंधार पडेपर्यंत भांडले. एकमेकांचं म्हणणं परत म्हणत, आकडे देत घेत. रस्सा गार झाला म्हणून काकूंनी दोघांनाही झापलं.

काका गेले तेव्हा मातीला कट्ट्यावरची बरीच मंडळी आली होती. पाळकसाहेबांची प्रार्थना संपली. याकोब पुढे आला. हातात तीच जपमाळ होती, पण प्रार्थना सुरू करण्याआधी तो काकूंकडे वळला.

"वहिनी, दादाचं म्हणणं होतं, गेलेला माणूस देवाच्या हाती असतो, त्याच्यासाठी आपण मागायचं काही उरत नाही. बरोबर?"

काकूंनी पदराने डोळे पुसले.

"बरोबर, भावजी. सव्वीस. म्हणा आता."