उपग्रहाच्या कागदावरचे झटके

ताई एम.एस्सी. झाली त्या वर्षी आमच्या नाशिकच्या दोन खोल्यांत आलेखांच्या कागदांची चळत येऊन पडली. वातावरणाच्या पार वरच्या थरात विजेचं क्षेत्र अचानक कसं खवळतं, ते एका उपग्रहानं टिपलं होतं. तिच्या सरांनी बजावलं होतं, त्या रेघा पट्टीनं मोजून सगळे आकडे सोमवारपर्यंत आणलेस तर संशोधनाची जागा तुझी, नाहीतर दुसरा मुलगा तयारच आहे.

नेमका तेव्हाच ताईला ताप भरला. बाबा म्हणाले, "मी मोजतो. माझं आयुष्य गेलं त्यात." खरंच होतं ते. सातपूरच्या एका कारखान्यात ते बॉयलरवर होते. फिरत्या कागदावर पेन दाबाची रेघ ओढायचं आणि बाबा त्यावरून आकडे वहीत उतरवायचे.

गुरुवारी ताप उतरला. ताईनं बाबांची वही उघडली. अक्षर मोत्यासारखं, कुठे खाडाखोड नाही, आणि एकही झटका नाही. रेघ जिथं जिथं एकदम उसळून परत आली होती, तिथं बाबांनी अलीकडचा-पलीकडचा आकडा धरून सरासरी लिहिली होती.

"पेन हललं की असंच करायचं असतं," ते म्हणाले. "फोरमननं शिकवलंय आम्हाला."

ते झटके हाच तर ताईचा विषय होता!

माझं डोकंच फिरलं. "विचारायचं तरी! नडला ना दीडशहाणपणा!" असं मी बापाला बोलले. आजही त्याची लाज वाटते. बाबा सायकल काढून कारखान्यात गेले, कधी नव्हे ती तीन दिवसांची रजा टाकून आले आणि पट्टी घेऊन ताईशेजारी बसले.

प्रत्येक उसळीला विचारायचे, "हा घ्यायचा?"

"घ्यायचा, बाबा."

शनिवारी दुपारपासून त्यांनी विचारणं सोडलं.

सोमवारी जागा ताईला मिळाली. आईनं पेढे वाटले. बाबा आपला पेढा हातात धरून बसून राहिले. मग म्हणाले, "बॉयलरवर मी असे किती झटके सरासरीत घालवले असतील गं? त्यातले खरे किती असतील?"

ताई म्हणाली, "तिथं पेनच हलायचं, बाबा."

तिनं तो बॉयलर जन्मात पाहिला नव्हता. बाबांनाही ते ठाऊक होतं. तरी त्यांनी मान डोलावली आणि पेढा तोंडात टाकला.