कंपनीच्या कढईतली भाजी

कढईतला सॉस बाटलीत भरायला सोडण्याआधी तात्या पळीतला थेंबभर सॉस मनगटावर घ्यायचे, त्यावर फुंकर घालायचे आणि डोळे मिटून चाटायचे. तेवढा वेळ आम्ही बायका चिडीचूप. एरवी आमच्या खोलीत कुणाचं कुणाला ऐकू येईल तर शपथ! पण तात्यांनी डोळे मिटले की बाटल्यांचा खणखणाटसुद्धा थांबायचा. मग त्यांचा एक डोळा उघडायचा. "भरा, पोरींनो!" नाहीतर, "थांबा जरा. रडतंय अजून." रडतंय म्हणजे सॉसला पाणी सुटतंय. मग आम्ही पुन्हा हातावर हात ठेवून बसायचो आणि तात्या वाफेचा कॉक फिरवत कढईशी काहीबाही बोलत राहायचे.

कळंबच्या अलीकडे, नाशिक रस्त्यापासून जरा आत ही टोमॅटो सॉसची कंपनी होती. आज तिथे पत्रेसुद्धा राहिलेले नाहीत. मी बाटल्यांना लेबलं लावायला होते. तात्या कढईवर. कढई हे आमचं नाव. वाफेवर तापणारं, माणूस आत उभा राहील एवढं ते स्टीलचं भांडं होतं. तात्यांना मूलबाळ नव्हतं, म्हणून की काय कोण जाणे, कंपनीतली प्रत्येक बाई त्यांची पोर. चेष्टा तर विचारू नका. माझ्या हातून लेबल तिरकं बसलं की म्हणायचे, "नवऱ्याच्या टोपीगत बसवलंस गं." मीही काही कमी नव्हते. "तुमच्या मिशीपरीस सरळ आहे," म्हणायचे. तात्या मिशीवरून हात फिरवत कढईकडे वळायचे. कामात मात्र एक गोष्ट ते नेहमी सांगत, "जीभ गप करता येती, पण तिला फसवता येत न्हाई, राव."

आमच्यात सिंधूताई ही टोमॅटो निवडणाऱ्या बायकांची मुकादम. नवरा लवकर गेला, पण बाई खमकी. तिच्या मनीषाचं लग्न जुन्नरकडच्या एका मोठ्या घरात ठरलं. ऐपतीबाहेरची सोयरीक म्हणून सिंधूताई आधीच धास्तावलेली. त्यात तिने व्याह्यांना सांगून ठेवलं होतं, की जुन्नरचा नामी आचारी येणार आहे म्हणून. त्या वर्षी चैत्रात तिथी अशा दाट, की लग्न तोंडावर आलं आणि आचाऱ्याने निरोप धाडला, जमायचं नाही. सिंधूताईने निवडायच्या टेबलावर डोकं टेकलं आणि रडायलाच लागली.

"आगं, रडतीस काय?" तात्या म्हणाले. "येवढी कढई काय शोभेला ठिवलीय व्हय? भात-बुंदी घरी बघा. डांगराची भाजी मी देतो."

आमच्याकडे लग्नाच्या पंगतीला लाल भोपळ्याची, म्हणजे डांगराची भाजी लागतेच. कंपनीचा हंगाम नुकताच संपला होता, आम्ही साफसफाईपुरत्या येत होतो, कढई मोकळी होती, शेठ पुण्याला होते. पण कढईत टोमॅटोशिवाय दुसरं काही पडता कामा नये, हा शेठचा दंडक. तात्यांनी भर दुपारी, हॉर्न वाजवत, टेम्पोभर डांगरं फाटकातून आत आणली! मी म्हटलं, "तात्या, जरा अंधार पडल्यावर आणायची होती."

"का? चोरीची हायेत का?"

झालं. निवडायच्या टेबलावर डांगरं चिरली, उखाणे घेतले, हसून हसून पोटं दुखली. तात्यांनी मेथ्या, गूळ, काळा मसाला घालून अशी भाजी केली, की व्याह्यांच्या पंगतीत वाढप्यांना कुणी दम खाऊ देईना. "आचारी झकास हो!" म्हणून व्याहीबुवांनी मान डोलावली आणि सिंधूताई म्हणाली, "जुन्नरचाच आहे." तात्या तेव्हा हातात जग घेऊन पंगतीत पाणी वाढत होते. त्यांनी ऐकलं आणि मिशीतल्या मिशीत हसले.

पुढचा हंगाम सुरू झाला तेव्हा मंचरच्या बाजारात बोलणं होतं, त्या कंपनीत डांगर शिजवतात आणि लाल रंग घालून सॉस म्हणून विकतात. डांगरांचा टेम्पो फाटकातून आत जाताना किती जणांनी पाहिला होता! टोमॅटो उतरवायला आलेले शेतकरी विचारायचे, "काय वो, पुढल्या खेपंला डांगर आणू का?" पहिल्यांदा आम्हीच फिदीफिदी हसलो. मग हॉटेलवाल्यांकडून बाटल्यांचे खोके परत यायला लागले आणि आमचं हसणं आटलं.

शेठनी सगळ्यांना अंगणात बोलावलं. माणूस वाईट नव्हता.

"डांगरं कुणी आणली?"

"मी," तात्या पुढे झाले.

"कशाला?"

"लग्न व्हतं."

"कुणाचं? नाव सांगा. त्या घरच्यांना मंचरला घेऊन जातो, व्यापाऱ्यांपुढे उभं करतो. भाजी लग्नाची होती एवढं त्यांनी सांगितलं की मिटलं. कुणाला कामावरून काढणार नाही, हा माझा शब्द."

माझ्या शेजारी सिंधूताईने माझं मनगट असं आवळलं, की बांगडी पिचली. आदल्या संध्याकाळी ती तात्यांच्या पाया पडून आली होती. मी बरोबर होते. "तात्या, पोरीच्या सासरी कळलं, की कंपनीच्या भांड्यातलं जेवण घातलं आन वर आचाऱ्याचं खोटं सांगितलं, तर जल्मभर टोमणे खाईल वो ती. माझी आण हाय तुमाला." तात्यांनी तिला उठवलं आणि म्हणाले होते, "बरं."

आता शेठपुढे ते म्हणाले, "नाव न्हाई सांगायचो, शेठ. चूक माझी हाय."

डांगरं आम्ही सगळ्यांनी चिरली होती. कुणाचं लग्न हे अंगणातल्या एकूण एक बाईला ठाऊक होतं. एकीनेही तोंड उघडलं नाही. लेकीच्या संसाराचा प्रश्न आहे, असं आम्ही एकमेकींना बजावत होतो. खरं सांगायचं तर सिंधूताईशी वाकडं कुणाला नको होतं. एवढ्या तोंडाळ आम्ही, आणि तेव्हा नेमकी दातखीळ बसली! त्या अंगणाची आठवण आली की आजही माझी मान खाली जाते.

शेठनी तात्यांना काढलं नाही, रागावलेसुद्धा नाहीत. पुढे कंपनी बंद पडली. तिकडे मोठमोठ्या कंपन्यांच्या बाटल्या दुकानात आल्याच होत्या, टीव्हीवर त्यांच्या जाहिराती. कंपनी तशीही टिकली नसती असं जाणते सांगतात. तात्यांना हे कुणी सांगायला गेलं की ते उठून जायचे. "माझ्यापायी पोरींच्या चुली इझल्या," एवढंच म्हणायचे.

बायका मंचरला कांदे-बटाटे निवडायला जाऊ लागल्या, मी शिवणयंत्र घेतलं. तात्यांनी रस्ता बदलला. बाजाराला जायचं तर कालव्याच्या कडेने लांबून जायचे. बायकांनी भरलेली जीप समोरून आली, की बाभळीकडे तोंड करून उभे राहायचे. आम्ही हाक मारली तरी वळायचे नाहीत. त्यांची बायको, आमच्या काकू, एकदा मला म्हणाल्या, "आमटीत मीठ पडलं न्हाई तरी मुकाट जेवत्यात गं. कशी झालीय म्हणून इचारलं की ताटावरनं उठत्यात." ज्यांच्या जिभेवर आमची अख्खी कंपनी चालायची, त्यांचं हे असं.

अशी बरीच वर्षं गेली. मनीषा दिवाळीला माहेरी आली, कडेवर धाकटा. सिंधूताई माझ्याकडे येऊन म्हणाली, "तात्यांकडं जायचंय. एकटीचा धीर न्हाई व्हत." आम्ही तिघी गेलो. दारात तात्यांच्या वहाणा होत्या. काकू म्हणाल्या, "घरी न्हाईत," आणि नजर चुकवली. सिंधूताई ओट्यावर बसली. "बसतो आमी."

बऱ्याच वेळाने तात्या गोठ्यामागून आले. हाडांचा सापळा नुसता. आमच्याकडे न बघता हात जोडले. "सिंधे, तुमा समद्यांचं वाटुळं केलं गं मी."

मनीषाला यातलं काहीच माहीत नव्हतं. कंपनी बंद पडली एवढंच तिला ठाऊक. ती आपली कौतुकाने बोलायला लागली, "तात्या, आमच्या सासूबाई तुमची नेहमी आठवण काढतात. म्हणतात, कंपनीच्या कढईतल्या त्या डांगराच्या भाजीसारखी भाजी पुन्हा कुठं खाल्ली नाही."



"त्यांना कुणी सांगितलं?" सिंधूताईचा आवाज तिचा राहिला नव्हता.

"सांगायचं काय त्यात? टेम्पोवाला माझ्या सासरच्याच गावचा, लग्नाच्या दिवशीच कळलं. सासूबाई तर गावभर मिरवत होत्या, माझ्या सुनेच्या लग्नाला अख्खी कंपनी राबली म्हणून. मला वाटलं, तुला माहीतच असेल." मग आईकडे बघून ती घाबरली. "अगं आई, काय झालं?"

सिंधूताईने पदर तोंडावर ओढला होता. खांदे गदगदत होते. तात्यांनी मान वर केली आणि इतक्या वर्षांनी पहिल्यांदा आमच्याकडे नीट बघितलं. मला वाटलं, आता बोलतील. बोलावं, पोरीसमोर सगळं सांगावं, दोन शिव्या हासडाव्यात, त्यांचा हक्कच होता तो. मी मनातून त्यांना विनवत होते, की बोला हो तात्या, बोला.

ते मनीषाला म्हणाले, "काय न्हाई, पोरी. सासू गुणाची मिळाली तुला, म्हणून आईला भरून आलं." तिच्या पोराच्या डोक्यावरून हात फिरवला. काकूंनी चहा टाकायला घेतला, तर तात्यांनी हातानेच नको म्हटलं. मग माझ्याजवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाले, "हिला घरी ने. आन परत हिकडं येऊ नका कुणी. मला सोसायचं न्हाई."

आम्ही परत गेलो नाही. पुढच्या उन्हाळ्यात तात्या गेले. दारात गाव जमलं होतं, बायका काकूंना धरून बसल्या होत्या. सिंधूताईला पुढे व्हायचा धीर झाला नाही. ती गोठ्याच्या भिंतीला टेकून सगळ्यांच्या मागे उभी राहिली, आणि मीही तिच्याजवळच थांबले.