घरच्यांशी बोलणे झाले

मला याद्या करायची सवय आहे. किराणा, प्रयोगशाळेतली रसायनं, विम्याच्या तारखा, सगळं वहीत. म्हणून कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत 'प्रत्येक शिक्षकाने आपल्याकडे सोपवलेल्या विद्यार्थ्यांना आठवड्यातून एकदा फोन करावा' असं पत्रक निघालं, तेव्हा विभागात सगळ्यात आधी माझा तक्ता तयार झाला. मी संगमनेरच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. माझ्या वाट्याला तेवीस मुलं. रकाने वरून ठरवून आलेले: नाव, मोबाईल, तारीख, अडचण, निरसन. सोमवारी अकराला बसायचं आणि साडेबारापर्यंत सगळ्या खुणा करून मोकळं व्हायचं.

त्यात दुसऱ्या वर्षाची एक मुलगी होती, घोडेगावच्या बाजूची. वसतिगृह बंद झाल्यावर गावी गेली आणि महिन्याभरात तिची आई कोरोनाने गेली. माझ्या तक्त्यात त्याची व्यवस्थित नोंद होती. अडचण: मातृवियोग. निरसन: घरच्यांशी बोलणे झाले. हे मी माझ्या हाताने लिहिलं. आजही ते अक्षर आठवलं की डोकं तापतं.

बोलणं काय व्हायचं, तर एवढंच.

"कॉलेजातून बोलतेय. मुलगी कशी आहे?"

"बरी हाय मॅडम. काय न्हाई."

"अभ्यास करते ना?"

"करती की. दिसभर मोबाईलच असतो हातात."

फोन वडील उचलायचे, कारण नंबर वडिलांचा होता. आमच्याकडे मुलींच्या प्रवेश अर्जावर वडिलांचाच नंबर येतो. मुलीचा नंबर चार ठिकाणी जायला नको म्हणून घरचे देत नाहीत आणि आम्हीही मागत नाही. ऑनलाईन तासाला तिचं नाव पडद्यावर दिसायचं, म्हणजे हजेरीही पूर्ण. असे सहा सोमवार गेले.

सातव्या सोमवारी तिच्या मैत्रिणीला फोन लावला. तीही माझ्याच यादीतली; त्या दिवशी वडिलांचा फोन तिनेच उचलला. तिने माझे प्रश्न मध्येच तोडले.

"मॅडम, तिचं काही कळलं का तुम्हाला? ती जेवत नाही. तासाला जॉईन होते नि मोबाईल उपडा ठेवून देते. मला म्हणाली, सकाळी जागच येऊ नये असं वाटतं."

मी तिच्याकडून त्या मुलीचा स्वतःचा नंबर घेतला आणि त्याच क्षणी लावला. तिनेच उचलला. मग ती म्हणाली, "मॅडम, तुम्ही दर सोमवारी फोन करायच्या ना? मी आतच असायची. बाबा ओट्यावर उभे राहून बोलायचे. मला वाटायचं, आज तरी तुम्ही म्हणाल, तिला द्या. तुम्ही ठेवून द्यायच्या."

"चुकलं माझं," मी म्हटलं. मग सरळ विचारलं, "स्वतःला काही करून घ्यावंसं वाटतं का?"

ती रडायला लागली. "हो," म्हणाली.

मैत्रिणीला तिच्याशी बोलत राहायला सांगितलं आणि वडिलांना फोन लावला. ती काय म्हणाली ते सांगितलं. आजच्या आज नगरला मानसोपचार डॉक्टरांकडे न्या, तोवर तिला एकटी सोडू नका, म्हटलं. ते भडकले.

"पोरीला येडी ठरवता का मॅडम? उद्या सोयरीक कोण करील?"

"सोयरिकीचं नंतर बघू. आधी पोरगी जिवंत राहू द्या."

 ते हळू आवाजात म्हणाले, "तिची माय गेल्यापासून मलाबी तिच्याशी बोलता येत न्हाई." संध्याकाळच्या आत शेजाऱ्याच्या जीपने तिला घेऊन गेले.

त्यानंतर रोज चार वाजता मी तिला फोन करायचे. कधी दहा मिनिटं, कधी दोनच. काय स्वयंपाक केला, गाय व्याली का, असलंच काहीतरी. कधी ती नुसतं "हं" म्हणायची. तेही चालायचं.

महिनाअखेरीला उपक्रमाचे समन्वयक सर माझा तक्ता बघून खूश झाले. "मॅडम, केस छानच आहे! निरसनात लिहा, समुपदेशनाने समस्या सोडवली."

"सुटलेली नाही. औषधं चालू आहेत."

"अहो, पण रकाना रिकामा दिसतो."

"सहा आठवडे भरलेला होता सर. तेव्हा ती उपाशी होती."

"चिडताय कशाला? तुमचं काम तर सगळ्यात व्यवस्थित."

त्याचीच तर चीड होती. मला कुणी फसवलं नव्हतं. ज्या प्रश्नांचं उत्तर पटकन मिळतं तेवढेच मी विचारत होते, आणि कॉलेजला तेवढंच हवं होतं.

तिचं वर्ष गेलं. पुढच्या वर्षी ती परत आली, बारीक झालेली, पण आली. त्याच वर्षी तपासणी समिती येणार होती. सरांनी तिला मंचावर बोलवायचं ठरवलं. महामारीत कॉलेजने कसा आधार दिला, यावर दोन मिनिटं. मी तिला विचारलं.

"जावंच लागतं का मॅडम?"

"नाही."

"मग नको."

मी सरांना तसं सांगितलं. ते म्हणाले, "जरा नीट समजावून सांगा ना. तुमचं ऐकेल ती."

"ऐकेल, म्हणूनच सांगणार नाही. ती नको म्हणाली सर, विषय संपला."

"कॉलेजसाठी दोन मिनिटं नाहीत तिच्याकडे?"

"तिच्या घरी ती सहा आठवडे फोनची वाट बघत होती," मी म्हटलं, "तेव्हा कॉलेजकडे दोन मिनिटं नव्हती. म्हणजे माझ्याकडे."

सरांनी बोलणाऱ्यांच्या यादीतलं तिचं नाव खोडलं आणि दुसरं कोण बोलेल ते शोधायला लागले.